हाडातली चरबी फुप्फुसात

आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीत कुणी झाडावरून पडून पाय मोडला, तर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. मांडीचे हाड मोडले तरी मुलगा शुद्धीवर असतो, बोलतो. घरच्यांना हायसे वाटते. पण क्वचित एखाद्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धाप लागते, तो असंबद्ध बोलू लागतो, छातीवर व काखेत बारीक लाल ठिपके उठतात. डोक्याला तर मार नव्हता! मग हे कशाने?

या कोड्याचा पहिला धागा मिळाला जर्मनीत. १८६२ साली झेंकर यांना, चिरडून मेलेल्या एका रेल्वे कामगाराच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत चरबीचे थेंब दिसले. १८७३ मध्ये बेर्गमान यांनी छपरावरून पडलेल्या जिवंत रुग्णात हा विकार ओळखला. यालाच फॅट एम्बॉलिझम म्हणतात.

हाड मोडले की मज्जेतील चरबी फाटलेल्या शिरांतून हृदयात व तेथून फुप्फुसांत पोचते. लहान मुलांची मज्जा बहुतांशी तांबडी, कमी चरबीची. वयाबरोबर ती पिवळी होत जाते. म्हणून किशोरवयात धोका वाढतो.

१९७० मध्ये गर्ड यांनी निदानासाठी लक्षणे निश्चित केली. आजही एकच निर्णायक चाचणी नाही. मोडलेले हाड लवकर स्थिर केल्यास धोका घटतो. विकार जडल्यास मुख्य आधार प्राणवायूचा.

शाळेत असा अपघात घडला तर पाय हलवू नका, फळी बांधा, रुग्णालयात न्या. आणि पुढचे तीन दिवस मुलाच्या श्वासाकडे व बोलण्याकडे लक्ष ठेवायला पालकांना सांगा.