पिवळ्या दिव्याची वंशावळ



नव्या मोटारसायकलीची किल्ली फिरवितांच समोरच्या तबकडीवर एक पिवळा दिवा लागतो. त्यावर ए. बी. एस. हीं तीन रोमन अक्षरें असतात. गाडी थोडी चालली कीं तो विझतो. तो विझलाच नाहीं तर काय समजावें, आणि घरच्या घरीं काय पाहावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. परंतु हा दिवा कशासाठीं आला हें कळल्यावांचून त्याचें म्हणणें कळावयाचें नाहीं. म्हणून आधीं त्याची वंशावळ पाहूं.

एकाएकीं जोरानें ब्रेक दाबला म्हणजे चाक फिरावयाचें थांबतें, पण गाडी थांबत नाहीं. ती घसरत पुढें जाते. घसरणाऱ्या चाकाला दिशा राहात नाहीं. चारचाकी अशा वेळीं भरकटते. दुचाकी मात्र स्वाराला भुईवर टाकते. यावर उपाय एकच : चाक अडकूं लागतांच ब्रेक क्षणभर सैल करावयाचा व पुन्हां दाबावयाचा. घाबरलेल्या माणसाच्या हाताला तेवढी चपळाई नसते. म्हणून तें काम यंत्राकडे सोंपविण्याची कल्पना निघाली.

जर्मनींतील बॉश कंपनीनें १९३६ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील डन्लॉप कंपनीचें ‘मॅक्सारेट’ नांवाचें यंत्र विमानांच्या चाकांना बसूं लागलें. त्यांत वीज नव्हती. एक लहानसें जडचक्र आणि एक झडप, एवढाच त्याचा संसार. १९५८ मध्यें तेथील रस्तासंशोधन प्रयोगशाळेनें तें रॉयल एन्फील्डच्या ‘सुपर मीटिऑर’ या मोटारसायकलीवर बसवून पाहिलें. ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्याचें अंतर स्पष्टपणें कमी झालें. तरीहि कंपनीच्या धुरीणांना त्यांत भवितव्य दिसलें नाहीं. त्याच नांवाच्या गाड्या १९५५ पासून मद्रासेंत बनूं लागल्या होत्या. आपल्या स्वारांना या संरक्षणासाठीं किती वाट पाहावी लागली, हें पुढें दिसेलच.

विजेवर चालणारी ही योजना १९७८ मध्यें मर्सिडीज मोटारींत आली आणि १९८८ मध्यें बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या के १०० या मोटारसायकलींत. त्या यंत्राचें वजन सुमारें ११ किलो होतें! आतां तशीं यंत्रें एका किलोच्याहि आंत बसतात. हिंदुस्थानांत टी. व्ही. एस. कंपनीनें २०११ मध्यें अपाची गाडीला ही योजना दिली. आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. हून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीस ती कायद्यानें आवश्यक झाली. एन्फील्डच्या त्या प्रयोगाला तोंवर साठ वर्षें उलटून गेलीं होतीं.

या कथेंत आपल्या बारामतीचेंहि नांव आहे. तेथील पियाज्जिओच्या कारखान्यांत २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर आणि २०१६ पासून अप्रिलिया एस. आर. १५० बनूं लागली. पुढें तेथेंच बनलेल्या आर. एस. ४५७ या मोटारसायकलीला तर दोन्ही चाकांवर हें संरक्षण आहे. आणि गरज म्हणाल, तर ती याच मुलखाला अधिक. नीरेच्या डाव्या कालव्यानें भिजणारा हा बारामती-इंदापूरचा ऊसपट्टा. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतांतली काळी माती रस्त्यावर येते. तिच्यावर पावसाची एक सर पडली, कीं डांबरी रस्ता शेवाळलेल्या घाटासारखा होतो.

आतां यंत्राची रचना पाहा. चाकाबरोबर खाचांचें एक कडें फिरतें. त्याच्याजवळ बसविलेला सेन्सर प्रत्येक खांच विजेच्या संकेतानें कळवितो. नियंत्रक ते संकेत मोजतो. चाक अडकूं लागलें, तर झडपा उघडून ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर उतरवितो. संकेत तुटले कीं नियंत्रक आंधळा होतो. मग तो दिवा लावून बाजूला उभा राहतो. साधा ब्रेक बहुधा चालूच असतो. संरक्षण मात्र गेलेलें असतें. दिवा एवढेंच सांगतो.

तपासणीचा क्रमहि यांतूनच निघतो. प्रथम बॅटरी. तिचीं टोकें सैल किंवा गंजलेलीं नसावींत. गाडी बंद असतां मीटरवर सुमारें साडेबारा व्होल्ट, आणि इंजिन चालू असतां साडेतेरा ते साडेचौदा दिसावेत. दाब कमी पडला तरी हा दिवा लागतो. मग किल्ली काढून फ्यूज पाहावा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कदापि नको. नवाहि जळला, तर वायर कोठें तरी उघडी पडून धातूला टेकत आहे असें समजावें, आणि तेथेंच थांबावें.

त्यानंतर चाकापाशीं बसावें. सेन्सरवर चिखल किंवा लोखंडाचा कीस बसला असेल तो मऊ फडक्यानें पुसावा. कडें वांकलेलें नाहीं ना, तें पाहावें. पंक्चर काढल्यानंतर दिवा लागूं लागला असेल, तर सेन्सर हलला असण्याचा संभव मोठा. तेथून निघणारी वायर बोटांनीं चांचपीत वर जावें : उंदरानें कुरतडलेली जागा, हँडल वळतांना ताणली जाणारी जागा, कनेक्टरमधला हिरवा गंज, हीं दुखण्याचीं नेहमींचीं ठाणीं. सेन्सरला बॅटरीचा प्रवाह थेट लावून पाहूं नये, आणि तेलाचें बंद यंत्र घरीं उघडूं नये. एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : गाडी मधल्या स्टँडवर लावून नुसतें मागचें चाक फिरविलें, तर पुष्कळ गाड्यांत दिवा उगीचच लागतो, किल्ली बंद करून गाडी पुन्हां चालविली, कीं तो जातो.

दुरुस्तीनंतर मोकळ्या मैदानांत सावकाश चालवून दिवा विझतो कीं नाहीं तें पाहावें. न विझल्यास जाणत्या मिस्त्रीकडे जावें, आणि तोंवर गाडी हळू व लांब अंतर ठेवून चालवावी. किल्ली फिरविल्यावर दिवा मुळींच न लागणें, हाहि दोषच होय. त्रास नको म्हणून दिव्याची वायर तोडणारे लोक आहेत; पहाऱ्यावरचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याचें तोंड बांधण्यासारखेंच तें आहे. कायद्यानें हें संरक्षण गाडींत आणून ठेवलें. तें जागें ठेवण्याचें काम घरच्यांचें आहे. घरांतला मुलगा रोज पहांटे त्याच निसरड्या रस्त्यानें कामावर जातो, हें विसरून चालणार नाहीं.