बांधी थकत नाही, बाग का थकते?

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तेव्हा मातीवर बोलतानाही सुरुवात तिथूनच करतो. न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला. हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. पुढे वाचनात आलं की पहिल्या पावसानंतरचा मातकट वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते जिओस्मिन १९६५ साली ओळखलं गेलं आणि ते मुख्यतः मातीतले अ‍ॅक्टिनोमायसिटीज हे सूक्ष्मजीव तयार करतात. म्हणजे वास मातीचा नव्हे, मातीत राहणाऱ्यांचा! विद्यार्थ्यांना हे सांगायचं राहूनच गेलं.

आता मुद्द्यावर येऊ. इथे भंडाऱ्यात त्याच बांधीत पिढ्यान्‌पिढ्या धान होतं. मग काटोलकडे जुनी संत्र्याची बाग काढून त्याच जागी नवी कलमं लावली, तर ती का रुसतात? आमच्या घरच्याच बागेत हे झालं. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली, बुंध्यातून डिंक वाहू लागला, निम्मी कलमं गेली. सगळे म्हणाले, जमिनीतला कस गेला. शेणखत ओतलं, पोतीच्या पोती रासायनिक खत दिलं. काही उपयोग झाला नाही.

सफरचंदवाल्यांचं हे दुखणं जुनं आहे. एकाच जागी तेच पीक का रोडावतं, यावर द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये म्हटलं होतं की मुळं आपली विष्ठा टाकतात आणि तीच पुढच्या पिकाला बाधते. पुढे साधा प्रयोग झाला. जुन्या बागेची माती तापवून निर्जंतुक करायची आणि त्यात रोप लावायचं. रोप जोमाने वाढलं! कस संपला असेल, तर तो तापवून कुठून आला? दोष मातीतल्या वस्तीचा होता. पिथियम, फायटॉप्थोरा, रायझोक्टोनिया ही मंडळी जुन्या मुळांवर वीस-पंचवीस वर्षं पोसलेली असतात. नवं कोवळं मूळ त्यांना आयतं सापडतं. संत्र्याचा डिंक्या आणि मूळकूज ही त्यातल्या फायटॉप्थोराची करणी. त्याला साचलेलं पाणी मानवतं, आणि तो रोपवाटिकेतून कलमासोबतही येतो. आमच्या कलमांबरोबर आला का, हे आता कोण सांगणार!

बांधीत मात्र चिखलणी होते, महिनोन्‌महिने पाणी उभं राहतं. खालच्या मातीला प्राणवायू मिळत नाही आणि हवेवर जगणाऱ्या कित्येक बुरशा, सूत्रकृमी मागे हटतात. पाण्यावरचं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र बांधतं. हे ढाक्याच्या डे यांनी १९३९ मध्ये दाखवलं. शिवाय आपली लाखोळी. धान उभं असतानाच ओल्या चिखलात ती फेकायची, हा आपला उतेरा. तिच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू नत्र साठवतात. अशा गाठींचं गूढ जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्ट यांनी १८८६ मध्ये उलगडलं. इथला शेतकरी मात्र त्याआधीपासून ती पेरत होता.

लाखोळीवर १९६१ मध्ये विक्रीबंदी आली. तिच्या दाण्यातल्या विषाने पाय लुळे पडतात, हे खरंच होतं. दुष्काळात नुसती तीच खाणाऱ्यांचे पाय गेले आहेत. पण बंदीच्या चर्चेत ताटातलंच बोललं गेलं. जमिनीला ती काय देते, हे कुणी फारसं विचारलं नाही. आम्हीही तेव्हा ते विचारलं नव्हतं.

आता आमच्या बागेचं. मेलेल्या झाडांची मुळं खणून काढली, दोन वर्षं तिथे संत्रा लावलाच नाही. पावसाळ्यात ताग पेरून फुलावर येताच गाडला. पाण्याचा निचरा केला. मग ट्रायकोडर्मा मिसळलेलं शेणखत घातलं आणि बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं केलं. घरातल्या थोरल्यांना हा दोन वर्षांचा पडीक खर्च अजून पटलेला नाही. नव्या कलमांना आता तिसरं वर्ष लागलंय. पंधरा लावली होती, तेरा उभी आहेत. फळ अजून आलेलं नाही.