नकाराची जागा

औषधाच्या बाटलीबरोबर आलेल्या माहितीच्या कागदावर दोन इंग्रजी वाक्यें आहेत अशी कल्पना करावी. एकांत ‘मस्ट नॉट’ हे शब्द आहेत, दुसऱ्यांत ‘नीड नॉट’. पहिल्याचा अर्थ, हें औषध दुधाबरोबर घेऊं नये. दुसऱ्याचा अर्थ, तें दुधाबरोबरच घेण्याचें कारण नाहीं. एक निषेध आहे, दुसरी मोकळीक आहे. घाईंत असलेल्या भाषांतरकारानें दोन्ही ठिकाणीं ‘घ्यावयाचें नाहीं’ असें लिहून टाकलें, तर वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथील एखाद्या रुग्णाच्या हातीं निषेध आणि मोकळीक हीं एकाच वेषांत येतात. ‘नाहीं’ हा शब्द लहान खरा; पण तो वाक्यांत कोणत्या शब्दाला नाकारतो, हा प्रश्न लहान नव्हे.

इंग्रजी भाषेंत हा प्रश्न इतका नाजूक कां झाला, याचें उत्तर तिच्या इतिहासांत सांपडतें. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत नकारवाचक शब्द ‘ने’ हा होता व तो क्रियापदाच्या आधीं येई. पुढें त्या दुबळ्या ‘ने’ला बळकटी देण्यासाठीं ‘कांहींहि नाहीं’ अशा अर्थाचा दुसरा शब्द क्रियापदामागून जोडण्यांत येऊं लागला. कालांतरानें मूळचा ‘ने’ झिजून गेला आणि मदतीला आलेला शब्दच घरचा मालक झाला. तोच आजचा ‘नॉट’. डेन्मार्कचे भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनीं 1917 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हा क्रम अनेक भाषांतील उदाहरणांनीं दाखवून दिला.

ज्या सहाय क्रियापदांना हा ‘नॉट’ चिकटतो, त्यांचीहि कुळकथा मनोरंजक आहे. ‘कॅन’ म्हणजे मूळांत ‘जाणणें’. संस्कृत ‘ज्ञा’ धातु हा त्याचाच दूरचा भाऊबंद. ‘शॅल’ म्हणजे ‘देणें लागणें’. ‘मस्ट’ हें तर मूळचें ‘परवानगी असणें’ अशा अर्थाच्या क्रियापदाचें भूतकाळी रूप. होकारार्थी वाक्यांत त्याचा अर्थ बदलून ‘केलेंच पाहिजे’ असा झाला. परंतु ‘मस्ट नॉट’ म्हणतांच ‘परवानगी नाहीं’ हा जुना भाव जणूं पुन्हां वर येतो. म्हणूनच ‘मस्ट’चा नकार ‘मस्ट नॉट’नें होत नाहीं, त्यासाठीं ‘नीड नॉट’ हें वेगळें रूप योजावें लागतें. ‘मे नॉट’ची गत याहून बिकट आहे. भाडेपत्रांत तो शब्द आला तर ‘भाडेकरूस पोटभाडेकरू ठेवतां येणार नाहीं’ असा निषेध होतो. आणि पावसाविषयीं आला तर ‘कदाचित् पाऊस येणार नाहीं’ एवढीच शंका उरते.

अशा वेळीं वाचकाच्या मदतीला येतात तीं क्रियाविशेषणें. ‘पॉसिब्ली’ हा एकच शब्द घ्यावा. ‘कॅन नॉट’च्या पाठीमागें तो आला कीं अर्थ होतो ‘मुळींच शक्य नाहीं’. येथें तो नकाराला धार लावतो. तोच ‘मे’ आणि ‘नॉट’ यांच्यामध्यें बसला कीं ‘कदाचित् तसें नसेलहि’ असा मवाळ अर्थ निघतो. ‘कॅन नॉट ऑलवेज’ म्हणजे ‘नेहमीं जमेलच असें नाहीं’, आणि ‘कॅन नेव्हर’ म्हणजे ‘कधींच जमणार नाहीं’. ‘प्रॉबेब्ली’ हा शब्द मात्र नकाराच्या कक्षेंत शिरत नाहीं; तो ‘विल’ आणि ‘नॉट’ यांच्यामध्यें उभा राहून ‘बहुधा येणार नाहीं’ एवढेंच सांगतो. सारांश, नकाराच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, यावर सारा अर्थ अवलंबून असतो.

मराठीनें याच अडचणींतून निराळी वाट काढली. जुन्या मराठींतहि ‘न’ हा क्रियापदाच्या आधींच येई आणि पुष्कळदां त्यांत मिसळून जाई. न जाणे तें नेणे, न उरे तें नुरे, न लगे तें नलगे, न होय तें नोहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत विदर्भांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें केंद्र होतें. म्हाइंभटाच्या लीळाचरित्रासारखे गद्य ग्रंथ याच परंपरेंत निर्माण झाले. त्या काळच्या भाषेंत ‘बोलूं नये’ याचा अर्थ ‘बोलतां येत नाहीं’ असाहि होई. कारण ‘नये’ म्हणजे ‘न ये’, येत नाहीं. जें करतां येत नाहीं तें करणें योग्य नाहीं, अशा पायरीनें अशक्यतेचा शब्द पुढें निषेधाचा शब्द झाला. इकडे ‘न करी’ मागें पडून ‘करीत नाहीं’ रूढ झालें. म्हणजे इंग्रजीप्रमाणें मराठीचाहि नकार क्रियापदाच्या पुढून उठून मागें जाऊन बसला. दोन भाषांनीं परस्परांना न विचारतां एकच प्रवास केला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मात्र मराठीनें प्रत्येक प्रकारच्या नकाराला स्वतंत्र शब्द राखून ठेवला. ‘करूं नये’ हा उपदेश, ‘करूं नको’ ही आज्ञा, ‘करावयास नको’ ही मोकळीक, ‘करूं शकत नाहीं’ ही असमर्थता, आणि ‘करीत नसेल’ हा तर्क. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण 1805 सालीं श्रीरामपूर येथें छापलें गेलें. दादोबा पांडुरंग यांचें 1836 सालीं आणि मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालीं प्रसिद्ध झालें. या व्याकरणपरंपरेनें मराठी क्रियापदाचा घाट शिस्तीनें मांडला. परंतु शाळेंत इंग्रजी शिकतांना भाषांतर पाठमालेच्या पद्धतीनें ‘मे’ म्हणजे अमुक, ‘मस्ट’ म्हणजे तमुक, असें एकास एक प्रतिशब्द पाठ करण्याची संवय लागली. होकारांत ती चालून गेली. नकारांत तीच घातक ठरली.

मराठीलाहि सर्व ठिकाणीं संरक्षण आहे असें मात्र समजूं नये. ‘सर्व विद्यार्थ्यांनीं येऊं नये’ अशी सूचना फळ्यावर लागली, तर कोणीच यावयाचें नाहीं कीं सगळ्यांनीं गर्दी करावयाची नाहीं, हें त्या वाक्यावरून ठरत नाहीं. ‘सर्वच’ म्हटल्यानें दुसरा अर्थ पक्का होतो, ‘एकाहि विद्यार्थ्यानें’ म्हटल्यानें पहिला. ‘आजच जाऊं नये’ यांत उद्यांची वाट मोकळी असते. ‘आज जाऊंच नये’ यांत आजचें दार घट्ट लागतें. ‘सहसा’ अपवादाला जागा ठेवतो, ‘कदापि’ ती काढून घेतो. इंग्रजीचें काम जें क्रियाविशेषणाच्या जागेनें होतें, तें मराठींत पुष्कळदां एका ‘च’नें साधतें.

वर्धा परिसराच्या बोलींत या इतिहासाचा आणखी एक थर दिसतो. येथें ‘नको’चा ‘नोको’ होतो, ‘येत नाहीं’ऐवजीं ‘येऊन नाहीं राहिला’ असें म्हणतात, आणि पुणेरी ‘जायला नको’च्या जागीं ‘जायला नाहीं पाहिजे’ ऐकूं येतें. शेजारच्या हिंदीच्या वळणानें येथें नकार पुन्हां क्रियापदाच्या आधीं सरकला आहे. याला अशुद्ध म्हणून हंसण्यापेक्षां, भाषेंतील नकार अजूनहि फिरता आहे याचा हा पुरावा म्हणून पाहावें. याच वर्ध्यांत 1937 सालच्या ऑक्टोबरांत भरलेल्या शिक्षण परिषदेनें मातृभाषेंतून शिक्षणाचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाचें एक कारण येथेंहि दिसतें: जो स्वतःच्या भाषेंतील ‘नये’ आणि ‘नको’ यांतील भेद डोळसपणें ओळखतो, त्यालाच परक्या भाषेंतील ‘नॉट’ कोठें पडला आहे हें नेमकें कळतें.

1960 सालीं महाराष्ट्र राज्यांत भाषा संचालनालय स्थापन झालें आणि राज्यकारभाराची मराठी घडविण्याचें काम पद्धतशीर सुरू झालें. नियम, करार, सूचना व औषधाचे कागद इंग्रजींतून मराठींत आणण्याचें काम त्यानंतर वाढतच गेलें आहे. त्या कामांत अवघड परिभाषेसाठीं कोश उघडला जातो. ‘नॉट’साठीं मात्र कोणी कोश उघडीत नाहीं. तेथें लेखणी क्षणभर थांबवून एवढेंच विचारावें: येथें क्रिया नाकारली आहे, परवानगी नाकारली आहे, कीं केवळ सक्ती? उत्तर मिळालें कीं योग्य शब्द मराठींत तयारच आहे. सात शतकांपूर्वींच्या माणसांनीं तो वापरून ठेवला आहे; आजच्यांनीं तो जागच्या जागीं ठेवावा, म्हणजे झालें.