जाड पिन, बारीक पिन आणि मीटरगेज

भारनियमनाच्या वर्षांत तिरोड्यात पाहुणा घरी आला, की पाण्याचा तांब्या पुढे येण्याआधी तो विचारायचा, "तुमच्याकडे बारीक पिन आहे का हो?" लाइट किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार हे सगळ्यांना पाठ असे. त्या तेवढ्या तासांत फोन चार्ज झाला नाही, तर रात्रभर तो मुका. अशा वेळी घरात वीज असून चार्जर जुळत नसणे, ही अडचण वीज नसण्यापेक्षा अधिक चीड आणणारी होती.

'जाड पिन' आणि 'बारीक पिन' हे शब्द कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हते. ते मोबाइल दुकानांच्या काउंटरवर तयार झाले. जाड पिन म्हणजे नोकियाची जुनी गोल पिन, बाहेरून साडेतीन मिलिमीटर व्यासाची. ३३१० आणि २००३ साली आलेला ११०० यांना ती लागायची. पुढे नोकियाने हळूहळू दोन मिलिमीटरची बारीक पिन आणली. कंपनी तीच, चार्जरमधून येणारी वीज जवळपास तशीच, पण भोक लहान. जुना चार्जर वाया जाऊ नये म्हणून जाड पिनेवर चढवायचा एक बोटभर तुकडा खुद्द नोकियाच विकत असे. तो तुकडा हरवण्यासाठीच जन्माला आला होता, असे आमच्या घराचे एकमत होते.

नोकिया त्यातल्या त्यात बरी. सोनी एरिक्सनची चपटी, आकड्यांची पिन काही महिन्यांत सैल व्हायची. मग चार्जरखाली वही, वहीखाली डबी असा मनोरा रचून फोन एका विशिष्ट कोनात निजवावा लागे. सॅमसंगची रुंद पट्टी वेगळी, एलजीची वेगळी, मोटोरोलाच्या रेझरला मिनी-यूएसबी. यावर बाजाराने दोन उत्तरे शोधली. एक म्हणजे एकाच वायरीला आठ-दहा तोंडे असलेला, जनावराच्या शेपटीच्या गोंड्यासारखा झुबका. दुसरे अधिक हुशारीचे होते : फोनच्या पिनेचा नादच सोडायचा, बॅटरी बाहेर काढायची आणि चिमट्याच्या चार्जरमध्ये धरायची. त्याचे दोन धातूचे काटे सरकवून बॅटरीच्या पट्ट्यांवर टेकवले, की दिवा लुकलुकायचा. बॅटरी बाहेर निघत होती तोवर कोणत्याही कंपनीच्या दारातून न जाता विजेला आत जाता येत होते. फोन बंद पेटीसारखे झाले तेव्हा ही मागची वाट बुजली, आणि पिनेचे महत्त्व वाढले.

या सगळ्याला कंपन्यांची लबाडी म्हणणे सोपे आहे, पण अर्धेच खरे आहे. सुरुवातीला बॅटऱ्यांचे प्रकार आणि व्होल्टेज वेगवेगळे होते. चुकीचा चार्जर आत शिरूच नये, यासाठी तोंड वेगळे ठेवण्यात अर्थ होता. तो अर्थ संपल्यावरही तोंडे वेगळीच राहिली. तिथून पुढचा इतिहास तंत्राचा नाही, मालकीचा आहे.

तिरोड्याला हा प्रकार नवा नव्हता. आमच्या स्टेशनावरून आज हावडा-मुंबई मार्गाच्या गाड्या धडधडत जातात. तोच मार्ग मुळात मीटरगेज होता, हे गावातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली ती १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर. त्यापुढे छत्तीसगडच्या धान्यासाठी सरकारने नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधायला घेतली, ती मात्र हजार मिलिमीटरची. लॉर्ड मेयोच्या काळापासून सरकारला काटकसर हवी होती आणि मीटरगेज स्वस्त पडत होते. १८८० साली नागपूरहून निघालेला हा रूळ १८८२पर्यंत तुमसर, तिरोडा, गोंदिया करत राजनांदगावला पोहोचला.

बांधताना वाचलेला पैसा नागपुरात खर्च होऊ लागला. राजनांदगावहून आलेले पोते मुंबईच्या वाघिणीत आपोआप जात नव्हते. ते पाठीवर घेऊन एका वाघिणीतून काढायचे आणि दुसरीत भरायचे. वेळ, हमाली, सांडलवंड, भिजलेला माल हे सगळे धान्याच्या भावात शिरायचे आणि शेवटी धान पिकवणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या माथी बसायचे. रूळ टाकणाऱ्याच्या वहीत त्याची नोंद नसे. नोकियाचा तो बोटभर तुकडा आणि नागपूरच्या मालधक्क्यावरचा हमाल यांचे काम एकच होते.

१८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि १८९१पर्यंत आसनसोलला नेऊन भिडवला. मीटरगेज दहा वर्षेही टिकले नाही. पण ते गेले ते मालवाल्यांच्या तक्रारींनी नव्हे. कलकत्त्यापर्यंत सलग मार्ग हवा असे वरून ठरले, त्यासाठी पैसा उभा राहिला, तेव्हा गेले.

चार्जरच्या बाबतीतही वरून ठरावे लागले. चीनच्या माहिती-उद्योग मंत्रालयाने डिसेंबर २००६मध्ये एक मानक काढले : भिंतीतल्या चार्जरला यूएसबीचे चौकोनी तोंड हवे. फोनच्या बाजूचे टोक कोणतेही चालेल. वायर आणि चार्जर वेगळे झाले ते तिथे, आणि माझ्या मते या इतिहासातले सर्वांत शहाणे पाऊल हेच. त्याचा गवगवा मात्र कमी झाला. जून २००९मध्ये युरोपीय आयोगापुढे दहा कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीसाठी सामंजस्य करार केला. त्यात नोकिया, सॅमसंग होत्या, अॅपलही होती. करार ऐच्छिक होता आणि त्यात एक फट होती : जोडतुकडा दिला तरी चालेल. अॅपलने जोडतुकडा विकायला काढला आणि आपले तोंड जसेच्या तसे ठेवले.

अॅपलचे तीस पिनांचे रुंद तोंड २००३पासून आयपॉडवर होते. सप्टेंबर २०१२मध्ये आयफोन-५ बरोबर त्याने लाइटनिंग आणले. आठ संपर्कांचे, उलटे-सुलटे कसेही बसणारे. अंधारात मायक्रो-यूएसबी चुकीच्या बाजूने खुपसून भोक वाकडे केलेल्या कोणालाही पटेल, की वस्तू म्हणून लाइटनिंग सरस होते. पण त्या वायरीत ओळख पटवणारी चिप होती, आणि अधिकृत वायर बनवायची तर अॅपलचा परवाना लागे. चांगले तोंड आणि बंद तोंड एकाच धातूत ओतलेले होते. त्याच वर्षी तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाचा पहिला संच सुरू झाला; पुढे ६६० मेगावॉटचे पाच संच मिळून ३३०० मेगावॉट झाले. गावाच्या शिवारात एवढी वीज तयार होत असताना बसस्टँडसमोरच्या दुकानात गिऱ्हाईक वायरीचे टोक उजेडात धरून निरखत उभे असे.

यूएसबी टाइप-सीचे तपशील ऑगस्ट २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस संपर्क, दोन्ही बाजूंनी सारखे. लाइटनिंगची सोय आता मक्तेदारीशिवाय मिळत होती, तरी अॅपल वळले नाही. युरोपीय आयोगाचा हिशेब असा होता, की टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा वर्षाला अकरा हजार टन कचरा होतो आणि ग्राहक सुट्या चार्जरांवर २.४ अब्ज युरो घालवतात. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी कायदा मंजूर केला. तो लागू व्हायचा होता २८ डिसेंबर २०२४ला. अॅपलने सप्टेंबर २०२३मध्येच आयफोन-१५ला टाइप-सी दिले. युरोपसाठी वेगळा आणि गोंदिया जिल्ह्यासाठी वेगळा फोन काढणे परवडणारे नव्हते, म्हणून ज्या संसदेत आपले मत नाही तिच्या ठरावाचा लाभ आपल्यालाही झाला.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये उद्योगांच्या बैठका घेतल्या. स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीवर सहमती झाली, पुढे भारतीय मानक ब्यूरोने त्याचे मानकही प्रसिद्ध केले. त्याच चर्चेत बटणांच्या साध्या फोनसाठी वेगळ्या चार्जरचा विचार झाला, कारण टाइप-सीने त्यांची किंमत वाढली असती. कारण खोटे नाही. मेयोचेही कारण खोटे नव्हते.

इथे गोंदियाची दुसरी आठवण येते. मुख्य मार्ग रुंद झाल्यावर बंगाल नागपूर रेल्वेनेच गोंदियाहून उत्तरेला नैनपूर-जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीड-चांद्याकडे फाटे काढले, ते ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज. जंगलाचा मुलूख, थोडकी मिळकत, म्हणून अरुंद रूळ. मुख्य मार्गाचे मीटरगेज दहा वर्षांत गेले. नैनपूरकडची छोटी गाडी त्यानंतर कित्येक दशके गोंदियात माणसे आणि गाठोडी उतरवत राहिली, त्या मार्गाचा शेवटचा टप्पा २०१५ साली बंद झाला.

स्मार्टफोनवाल्यांचे तोंड आता एक झाले, भेद आत सरकला. ओप्पोच्या व्हूकपासून प्रत्येक कंपनीने जलद चार्जिंगची आपापली बोली काढली. दुसऱ्याचा चार्जर त्याच भोकात बसतो, पण दोघे एकमेकांची बोली ओळखत नाहीत आणि फोन हळूहळू भरतो. काही टाइप-सी वायरी फक्त वीज नेतात, काही तीन अँपिअरवर थांबतात. बाहेरून सगळ्या सारख्या. युरोपच्या कायद्याने पंधरा वॉटच्या वरच्या फोनला सामाईक बोलीही यायलाच हवी असे घातले आहे, स्वतःची बोली ठेवायला मनाई मात्र नाही.

आमच्या बाजारातल्या दुकानात आता जाड की बारीक असे कोणी विचारत नाही. "किती वॉटचा?" विचारतात, आणि "तुमचा फोन कोणता?" असा उलट प्रश्न येतो. शेजारी धान विकून आलेला एखादा माणूस बटणांचा फोन काढून काउंटरवर उलटा ठेवतो, त्याचे भोक दाखवतो. मायक्रो-यूएसबीची वायर दुकानदाराला खाली वाकून शेवटच्या खणातून शोधावी लागते.