फुकट बघ्यांचं दालन

काळ्या घोड्याच्या जहांगीर कलादालनात मी जातोय तेव्हापासून तिकीट नाही. सकाळी अकराला दार उघडतं, संध्याकाळी सातला मिटतं. मधल्या वेळात कुणीही आत यावं, कोण, कुठले असं कुणी विचारत नाही. मुंबईकरांच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की या फुकटाचे पैसे कुणीतरी मोजत असेल, हे मनातही येत नाही.

आधी मोजले ते सर कावसजी जहांगीर यांनी. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत चित्रकार पुष्कळ होते, भिंती नव्हत्या. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शनं भरवायची. १९४९ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे या प्रोग्रेसिव्ह मंडळींनी आपली चित्रं-शिल्पं मांडली, तीही रॅम्पार्ट रोवरच्या सोसायटीच्याच जागेत. बारमाही आणि सगळ्यांसाठी उघडी अशी जागा हवी, म्हणून चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी सर कावसजींच्या मागे लकडा लावला. सर कावसजींनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ इमारतीचा खर्च उचलला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या शेजारी, दुर्गा बाजपेयींच्या आराखड्याप्रमाणे काँक्रीटची वास्तू उभी राहिली आणि २१ जानेवारी १९५२ रोजी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी तिचं उद्घाटन केलं.

पण पुढे? पुढचे पैसे चित्रकार मोजतो. दालन भाड्याने घ्यायचं, त्यासाठी अर्ज करायचा, नंबर लागायची कित्येक वर्षं वाट बघायची. मग आठवडाभर चित्रं टांगायची आणि पुढच्या माणसासाठी भिंत मोकळी करून द्यायची. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात १८५७ पासून आठवड्याचे काही वार फुकट आणि काही वार सहा पेन्स असा हिशोब होता. दिवसभर राबणाऱ्यांना येता यावं म्हणून तिथले प्रमुख हेन्री कोल यांनी संध्याकाळी गॅसचे दिवे लावून दालनं उघडी ठेवली. तिथे फुकटाचा वार ठरलेला आणि भार सरकारवर. आपल्याकडे सगळेच वार फुकट आणि भार रंगांच्या ट्यूबा उधारीवर आणणाऱ्यावर. मला हे अजूनही उफराटं वाटतं.

मी लालबागकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांची वस्तुचित्रं आणि स्मरणचित्रं तपासून जीव विटलेला असायचा. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की आम्ही चौघे तिकडे निघायचो. एकजण छापखान्यासाठी ब्लॉक करायचा, एक नाटकांचे पडदे रंगवायचा, एक बँकेत होता. चित्राचं नाव आम्ही सहसा वाचत नसू. ब्लॉकवाला कुठल्याही कॅनव्हाससमोर उभा राहून हे छापायला किती रंग लागतील ते सांगायचा. पडदेवाला चौकटीच्या कडेला नाक लावून, रंग अजून ओला आहे की नाही ते बघायचा. ‘हिरवा कच्चा आहे,’ हा त्याचा शेरा. बँकवाला फक्त किमतीचा कागद वाचायचा. नाही आवडलं तर पाच मिनिटांत आम्ही बाहेर. आवडलं तर पुढच्या शनिवारच्या आत एखादा संध्याकाळी पुन्हा एकटा येऊन जायचा. खिशातून काही गेलेलंच नसायचं, त्यामुळे वसूल करायची घाई नव्हती.

चहा मात्र विकतचा. दालनालगतच्या अरुंद पडवीत उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये समोवार सुरू केलं होतं. म्युझियमच्या बागेकडे तोंड करून पुदिन्याचा चहा घेत आम्ही आत बघितलेल्या चित्रकाराची सालं काढायचो, आणि कधी कधी तो पाठीमागच्याच टेबलावर असायचा. ३१ मार्च २०१५ ला समोवार बंद झालं. तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी बरेच उसासे टाकले. आमच्या ब्लॉकवाल्याला फक्त खिमा पराठ्याचं वाईट वाटलं.

वरच्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी यांची केमोल्ड गॅलरी होती, १९६३ पासून. तिथे १९७५ मध्ये डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं लागली. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, ही त्या समाजाची रीत. एका पुरुषाने ते रोजचं काम म्हणून कागदावर उतरवलं आणि चित्रकार भास्कर कुलकर्णींनी त्याला शहराची वाट दाखवली. आमच्या परीक्षांत मनुष्याकृतीचं प्रमाण चुकलं की गुण कापायचे. इथे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा, आणि तो नाचतही होता. सोमवारी वर्गात मी पट्टी-कंपास बाजूला ठेवायला लावले. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही.

मग १९९२ मधली हुसेन यांची ‘श्वेतांबरी’. दालनभर पांढरं कापड सोडलेलं, जमिनीवर वर्तमानपत्रांचे कागद, आणि चित्र म्हणावं असं काही नाही. लोक आत शिरत, चहूकडे बघत, एकमेकांकडे बघत. काही हसले, काही चिडून बाहेर पडले. पडदेवाला म्हणाला, ‘कापड चांगलं आहे, वाया घालवू नये म्हणजे झालं.’ तिकीट असतं तर त्या दिवशी पैसे परत मागायला रांग लागली असती. असा प्रयोग अंगावर घ्यायला बघ्यांचा खिसा शाबूत असावा लागतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

हाकेच्या अंतरावर सर कावसजी जहांगीर हॉल. त्याच घराण्याच्या नावाचा, जॉर्ज विटेटने आखलेला, १९११ चा. सभा, मैफली, पुढे मुष्टियुद्धं आणि लग्नाचे स्वागतसमारंभ, सगळं त्याने सोसलं. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी यांनी चिकाटी धरली, आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं. आतले अर्धगोल मजले देखणे आहेत. तिथे तिकीट आहे. फार नाही, पण तिकीट काढलं की आमचा बँकवाला प्रत्येक चित्राखालची पाटी शेवटपर्यंत वाचतो, आणि आम्हाला जिन्यात ताटकळत ठेवतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा जहांगीरला नंबर लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. भाडं, चौकटी, टेम्पो, छापील पुस्तिका, यांत त्याची शिल्लक संपलेली मला ठाऊक होती. बँकवाला सगळ्यात लहान चित्रापुढे थांबला, किंमत विचारली आणि सरळ भाव करू लागला. मी त्याला कोपर मारून बाजूला घेतलं. म्हटलं, अरे, आयुष्यभर फुकट बघत आलास, निदान आता तरी घासाघीस करू नकोस.

‘विचारायला काय पैसे पडतात?’ तो म्हणाला.