कॉलनीतून प्राधिकरणात

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि तिच्यामागोमाग कामगारांची कॉलनी. क्वार्टर नोकरीपुरतं. म्हणून आमच्याकडे घर बदलणं म्हणजे निवृत्ती, हे ठरलेलंच. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं, निगडीकडे सेक्टर पडले आणि अनेकांना स्वतःचं दार मिळालं.

आमचं सामान आईनेच बांधलं. पितळी डबा रिकामा न्यायचा नाही, हा तिचा दंडक. त्यात वाट्या, झारे, उलथनी. काचेच्या बरण्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात रोवल्या. गाद्यांच्या वळकट्या सुतळीने आवळल्या. लोणच्याची बरणी टेम्पोत नाही, तिच्या मांडीवर. देव सगळ्यांत शेवटी निघाले, पण नव्या घरात पहिले शिरले. लोखंडी कपाट उतरवायला शेजारचे काका रजा टाकून आले होते. त्या शेजाराची सर कशालाच नाही.

आता चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी मुलं मोशीत भाड्याने राहतात, करार अकरा महिन्यांचा. पॅकर्सची माणसं सकाळी येतात, दुपारपर्यंत घर पुठ्ठ्याच्या खोक्यांत. माझी भाची ती खोकी टाकत नाही. घडी करून माळ्यावर ठेवते, पुढच्या करारासाठी.