यहोयाखीन राजाचें वय : इब्री ग्रंथांतील एका आंकड्याचा निर्णय

नकला होतांना शब्दांपेक्षां आंकडे लवकर बिघडतात, हें जुन्या पोथ्या हाताळणारांस सांगावयास नको. शब्द चुकल्यास अर्थ अडतो. आंकडा चुकला तरी वाक्य सुखानें पुढें चालतें. यहुदी लोकांच्या इब्री धर्मग्रंथांत याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. शलमोनाच्या घोड्यांचीं ठाणें 'राजे' या ग्रंथांत ४०,००० तर 'इतिहास' या ग्रंथांत ४,००० दिलीं आहेत. अहज्या राजा गादीवर बसला तेव्हां 'राजे' ग्रंथाप्रमाणें २२ वर्षांचा होता, 'इतिहासा'प्रमाणें ४२. आणि त्याच 'इतिहासा'वरून त्याचा बाप ४० व्या वर्षीं वारला असें निघतें! येथें चूक आपणच बोलते. परंतु जेथें दोन ग्रंथ केवळ परस्परांशीं भांडतात, तेथें बाहेरचा साक्षीदार लागतो. असा साक्षीदार लाभलेलें एक स्थळ आम्ही येथें मांडतों.

यहूदाचा राजा यहोयाखीन गादीवर आला तेव्हां त्याचें वय १८ होतें व त्यानें ३ महिने राज्य केलें, असें 'राजे' ग्रंथाचा दुसरा भाग सांगतो (२४:८). 'इतिहासा'च्या दुसऱ्या भागांत (३६:९) वय ८ वर्षें व राज्य ३ महिने १० दिवस असें आहे. 'इतिहासा'च्या सिरियाक भाषांतरांत व कांहीं ग्रीक प्रतींत १८ आढळतात. पण ते 'राजे' ग्रंथावरून सुधारलेले असणें शक्य असल्यामुळें तेवढ्यावर निर्णय करितां येत नाहीं.

निर्णायक पुरावा बाबिलोनच्या मातींतून आला. रॉबर्ट कोल्डेवाय याच्या १८९९ ते १९१७ च्या उत्खननांत तेथील राजवाड्यांत इष्टिकालेख सांपडले. त्यांपैकीं कांहीं एर्न्स्ट वाइडनर यानें १९३९ सालीं प्रसिद्ध केले. ते तेलाच्या शिध्याचे हिशेब असून त्यांत यहूदाचा राजा व त्याचे पांच मुलगे यांची नोंद आहे. यांतील एका लेखावर नबुखद्नेस्सराचें १३ वें वर्ष, म्हणजे इ. स. पूर्वीं ५९२, आहे. यरुशलेम त्यानें घेतलें तें बाबिलोनी इतिवृत्ताप्रमाणें इ. स. पूर्वीं ५९७ मध्यें. तेव्हां राजा ८ वर्षांचा असता तर ५९२ त तो अवघा १३ वर्षांचा ठरतो. त्याला पांच मुलगे कोठून? शिवाय कैदेंत नेलेल्यांत त्याच्या स्त्रियांचाहि उल्लेख 'राजे' ग्रंथांत आहे. अर्थात् १८ हाच पाठ ग्राह्य होय.

मग ८ आले कसे? अक्षरें आंकडे म्हणून लिहीत, व त्यांतील एक बारीक अक्षर गळालें, असें कांहीं विद्वान् म्हणतात. परंतु उपलब्ध इब्री बायबली हस्तलिखितांत संख्या शब्दांनींच लिहिलेल्या आहेत. इब्रींत अठरा ही संख्या 'आठ' व 'दहा' अशा दोन शब्दांनीं लिहितात. लेखकाच्या हातून 'दहा' राहिला, कोणी तो समासांत लिहिला, आणि पुढच्या नकलकारानें तो चुकीच्या ओळींत घेतला. म्हणून वय आठ झालें व तीन महिन्यांवर दहा दिवस वाढले, असा एक तर्क आहे. एकाच प्रमादानें दोन्ही फरक उलगडतात हें त्याचें बळ. आपल्या पोथ्यांतहि काकपद देऊन समासांत लिहिलेला शब्द असाच भलतीकडे शिरतो. तथापि दहा दिवसांची परंपरा स्वतंत्रहि असूं शकेल. वयाची चूक सिद्ध आहे, ती घडण्याची रीत तर्कच आहे.

इब्री पाठ अक्षरशः सांभाळणाऱ्या मसोराकारांनीं श्लोकांची गणती ठेविली. जेथें वाचावयाचा शब्द निराळा, तेथेंहि मूळ अक्षरें तशींच ठेवून तो समासांत दिला. इ. स. १००८ च्या लेनिनग्राड प्रतींत आजहि 'इतिहासा'त आठच आहेत. कोणीं ते 'सुधारून' अठरा केले असते, तर या पाठाचा इतिहासच आम्हांस कळला नसता. म्हणून पोथ्या संग्रहिणारांस आमची विनंती इतकीच कीं, चुकलेला आंकडा मूळांत खोडूं नये. दुरुस्ती टिपेंत द्यावी.